/रन डिरेक्टरी आली कुठून

लिनक्सवर /रन, म्हणजे चालू प्रोग्रॅम्सच्या तात्पुरत्या नोंदींची डिरेक्टरी, आता इतकी अंगवळणी पडलीय की २०११ च्या आधी ती नव्हतीच म्हटलं तर नवीन पोरांना खरं वाटत नाही.

अडचण जुनीच. बूट होताना रूट फाइल सिस्टिम (सगळ्या डिरेक्टरींचं मूळ) आधी रीड-ओन्ली माउंट होते, म्हणजे फक्त वाचण्यापुरती जोडली जाते, मग एफएसचेक (फाइल सिस्टिमची तपासणी) चालतं, आणि सगळं ठीक असेल तरच ती लिहिण्याजोगी होते. पीआयडी फाइल्स (चालू प्रोग्रॅमचा नंबर लिहिलेल्या) वगैरे ठेवायला /व्हार/रन होती, पण /व्हार बऱ्याच ठिकाणी वेगळ्या पार्टिशनवर असायची म्हणजे ती अजून उशिरा येणार. आता एमडीअॅडमचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांचा रेड करणाऱ्या टूलचं बघा, एकेक डिस्क दिसेल तशी तो रेड जोडत जातो, तर कुठली डिस्क आली ते कुठेतरी लिहून ठेवायला लागतंच ना, आणि ती नोंद /व्हारमध्ये ठेवायची म्हटली आणि /व्हार नेमकी त्याच रेडवर असली तर? किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखंच झालं ते.

मग लोकांनी जुगाड केला. यूडेव्हमुळे (डिव्हाइसेस ओळखून /डेव्हमध्ये त्यांच्या फाइल्स सांभाळणारा प्रोग्रॅम) /डेव्ह बूटच्या अगदी सुरुवातीलाच टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये, तयार असायची आणि तिथे लिहिता यायचं. झालं, यूडेव्हने स्वतःचा डेटाबेस /डेव्ह/.यूडेव्हमध्ये ठेवला, एमडीअॅडम आला, सिस्टिमडी (बूट आणि सर्व्हिसेस सांभाळणारं) पण आलं. नावाआधी टिंब, म्हणजे साध्या एलएसमध्ये (फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) काही दिसायला नको, डिव्हाइसेसच्या डिरेक्टरीत सगळ्यांचं चोरून बिऱ्हाड! डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनने वेगळी सोय केली, /लिब/इनिट/आरडब्ल्यू. लायब्ररीच्या पोटात लिहायची जागा, हे तर मला जास्तच विचित्र वाटतं.

मार्च २०११ मध्ये सिस्टिमडीवाल्या लेनार्ट पोटरिंगने फेडोरा १५ या डिस्ट्रिब्युशनसाठी /रन जाहीर केली. रूटमध्ये आणखी एक डिरेक्टरी कशाला म्हणून कुरकुर झालीच, पण खरं तर नवीन असं काही नव्हतंच, /व्हार/रनचंच काम फक्त लवकर मिळणाऱ्या टीएमपीएफएसवर आणलं. मोठा फायदा इनिटरॅमएफएसचा (खरं रूट मिळेपर्यंत रॅममध्ये चालणारी छोटी सिस्टिम), तिथे माउंट केलेली /रन तशीच उचलून खऱ्या रूटमध्ये नेता येते त्यामुळे आधीच्या नोंदी हरवत नाहीत. डेबियनमध्ये २०१३ च्या व्हीझी आवृत्तीत आली, आणि एफएचएस ३.० या डिरेक्टरींच्या मानकात कागदोपत्री नोंद व्हायला २०१५ उजाडलं.

जुनी /व्हार/रन आता बहुतेक ठिकाणी /रनकडे बोट दाखवणारी नुसती सिमलिंक आहे. एखाद्या सर्व्हिस फाइलमध्ये जुना पाथ राहिला असेल तर सिस्टिमडी लॉगमध्ये कुरकुरतं आणि स्वतःच /रन धरून पुढे जातं.