सुट्या चौकटींपासून सलग व्हिडिओपर्यंत : एका रूपांतराची पार्श्वभूमी

क्रमांक दिलेली शेकडो छायाचित्रे एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्यांतून उत्तम दर्जाचा सलग व्हिडिओ तयार करायचा, हे काम आज अनेकांना करावे लागते. सूर्यास्ताचा किंवा बांधकामाचा टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने टिपलेल्या छायाचित्रांतून घडवलेले वेगवान दृश्य) करणारे छायाचित्रकार, मातीच्या बाहुल्या कणाकणाने हलवून चित्रपट करणारे कलावंत, संगणकावर त्रिमितीय दृश्ये रेंडर करणारे, म्हणजे गणिताने त्यांची चित्रे काढणारे तंत्रज्ञ आणि सूक्ष्मदर्शकातून पेशींचे विभाजन टिपणारे संशोधक या सर्वांच्या हाती आधी स्थिरचित्रेच येतात. रूपांतर करताना दर सेकंदाला किती चौकटी (फ्रेम) दाखवायच्या, त्यांचा क्रम कसा राखायचा, उजेडाची पातळी एकसारखी कशी ठेवायची आणि फाइल लहान करताना चित्राचा तपशील कसा वाचवायचा, असे प्रश्न उभे राहतात. यांतील बहुतेक प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहेत, आणि त्यांची उत्तरे ज्या क्रमाने सापडत गेली तो क्रम समजला की आजच्या सॉफ्टवेअरमधील अनेक पर्यायांचा अर्थ आपोआप लागतो.

१८३२ च्या सुमारास बेल्जियमचे जोसेफ प्लाटो आणि ऑस्ट्रियाचे सायमन स्टॅम्फर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरत्या तबकडीवरील रेखाटनांतून हालचालीचा भास निर्माण करून दाखवला. छायाचित्रांना मात्र त्यासाठी आणखी चार दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी उद्योगपती लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांसाठी धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडा पुढे जाईल तसे प्रत्येक कॅमेऱ्याचे शटर सुटेल अशी तारांची योजना केली. त्यांतून मिळालेली चित्रे सुटी होती. ती पडद्यावर हलती दाखवण्यासाठी त्यांनी पुढच्या वर्षी झुप्रॅक्सिस्कोप हे यंत्र केले, पण त्याच्या काचेच्या तबकडीवर मूळ छायाचित्रे नव्हती, त्यांवरून हाताने रंगवलेल्या आकृत्या होत्या. तबकडी फिरताना आकृती आडवी आक्रसलेली दिसत असे, म्हणून चित्रकाराला घोडा मुद्दाम लांबट काढावा लागे. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्थिरचित्रांच्या मालिकेचे हलत्या दृश्यात रूपांतर करताना दाखवणाऱ्या यंत्राचा स्वभाव ओळखून मूळ चित्रात आधीच दुरुस्ती करून ठेवण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण आहे.

सेल्युलॉइडची लवचिक फीत आल्यावर चित्रांचा क्रम राखण्याचा प्रश्न सुटला, कारण चित्रे एकाच पट्टीवर एकामागून एक उमटू लागली आणि कडेच्या छिद्रांमुळे त्यांची जागाही पक्की झाली. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील यंत्रात सेकंदाला चाळीसच्या आसपास चौकटी जात. ल्युमिएर बंधूंनी सोळा चौकटींवर भागवले आणि फीत टप्प्याटप्प्याने पुढे सरकवण्यासाठी शिवणयंत्राच्या हालचालीवरून सुचलेली यंत्रणा वापरली. याच यंत्राचे खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात, त्यामुळे सोळाच्या वेगाने एक फूट म्हणजे एक सेकंद असा सोपा हिशेब होता. डोळ्यापुढून गेलेले चित्र क्षणभर टिकून राहते म्हणून आपल्याला हालचाल दिसते, असे ‘दृष्टिसातत्या’चे स्पष्टीकरण शालेय पुस्तकांतून आपण वाचलेले असते. परंतु १९१२ साली मॅक्स वेर्थहायमर यांनी केलेल्या प्रयोगांनंतर, हालचालीचा भास हे मुख्यतः मेंदूचे काम असते, हे मानसशास्त्रात मान्य होत गेले. दोन चौकटींमधील फरक फार मोठा असेल तर मेंदू त्यांना जोडत नाही आणि दृश्य अडखळत पुढे सरकते, ही गोष्ट टाइमलॅप्स करणाऱ्याला कोणत्याही सिद्धांताशिवाय कळते.

त्याच १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी केलेला एक प्रयोग या विषयाशी थेट निगडित आहे. ते वर्षाच्या आरंभी लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीचे चित्रण महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपत केले. कोंब फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतचा तो प्रवास पडद्यावर साधारण मिनिटभरात उलगडत असे. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो ओळखला जातो. सोळा चौकटींचा वेग धरला तर मिनिटभराच्या दृश्याला ९६० चौकटी लागतात, म्हणजे तीस दिवसांत रोज सरासरी ३२. कॅमेरा आणि कुंडी यांपैकी काहीही जागचे हलले, किंवा एके दिवशी उजेड वेगळा पडला, तर ते पडद्यावर लगेच जाणवणार होते आणि मागे जाऊन दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. वनस्पतींच्या वाढीचे असे चित्रण युरोपात आधी झाले होते, आणि १९१० साली इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी उमलणाऱ्या फुलांचा लघुपट केला होता. तरीही भारतीय चित्रपटाच्या उभारणीत पहिला विश्वास एका टाइमलॅप्सने कमावला, ही बाब मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. फाळके यांनी पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या एकेक चौकटीने हलवून निर्जीव वस्तूंचे ॲनिमेशनही केले.

मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई, त्यामुळे वेग कमीजास्त झाला तरी चालत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फितीच्या कडेलाच ध्वनी नोंदवला जाऊ लागला तेव्हा वेग स्थिर करणे भाग पडले आणि सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण रूढ झाले. दूरचित्रवाणीने मात्र आपला वेग विजेच्या वारंवारतेवरून ठरवला. जेथे वीज ५० हर्ट्झची होती तेथे २५ चौकटी आल्या, अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे ३० आल्या, आणि तेथे १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरताना त्या २९.९७ झाल्या. भारताने २५ चा मार्ग धरला. आजही चित्रमालिका उघडताना सॉफ्टवेअर २४, २५, २९.९७ की ३० असे विचारते, ते या इतिहासामुळे. फक्त छायाचित्रांचीच मालिका असेल तर यांपैकी कोणताही आकडा मूळ सामग्रीत दडलेला नसतो, तो आपण ठरवायचा असतो. दर दहा सेकंदांनी एक याप्रमाणे दोन तास काढलेली ७२० छायाचित्रे २४ च्या वेगाने बरोबर तीस सेकंद चालतात, २५ च्या वेगाने २८.८ सेकंद.

१९५६ साली ॲम्पेक्स कंपनीची चुंबकीय व्हिडिओ टेप आली आणि एक विचित्र गोष्ट घडली. फीत उजेडासमोर धरली की चौकट डोळ्यांना दिसत असे, टेपवर ती दिसेनाशी झाली. टेप कापून जोडायची असेल तर तिच्यावर लोहकणांचे द्रावण लावून चुंबकीय खुणा उमटवाव्या लागत आणि सूक्ष्मदर्शकाखाली कापण्याची जागा शोधावी लागे. संगणकावर ॲनिमेशन करणाऱ्यांची अडचण तर याहून मोठी होती. एक चौकट तयार व्हायला कित्येक मिनिटे लागत, आणि ती टेपवर नोंदवण्यासाठी यंत्र काही सेकंद मागे जाऊन पुन्हा वेग घेई आणि नेमक्या जागी एकच चौकट लिहून थांबे. तीस सेकंदांच्या दृश्यासाठी ही मागे-पुढे धाव शेकडो वेळा होई, टेप आणि यंत्राचे हेड दोन्ही झिजत, आणि मध्येच एक चौकट चुकली तर सगळा क्रम बिघडे. मागे जाऊन वेग घेण्याच्या या क्रियेसाठीचा ‘प्रीरोल’ हा शब्द त्या पिढीतील तंत्रज्ञांना अजून आठवतो.

चौकट पुन्हा सुटी झाली ती संगणकाच्या साठवणुकीमुळे. १९९० च्या दशकाच्या आरंभी कोडॅकने सिनिऑन ही यंत्रणा आणली. तिच्यात चित्रपटाची फीत चौकटीगणिक स्कॅन होऊन प्रत्येक चौकटीची स्वतंत्र फाइल तयार होई. १९९३ साली १९३७ मधील एका प्रसिद्ध ॲनिमेशनपटाचे संपूर्ण डिजिटल पुनरुज्जीवन याच मार्गाने झाले. सिनिऑनवरून पुढे डीपीएक्स हे चित्रफाइलींचे मानक आले, आणि २००३ साली इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणाम करणाऱ्या कंपनीने ओपनईएक्सआर हे फाइलस्वरूप सर्वांसाठी खुले केले. त्यात उजेडाची फार मोठी व्याप्ती साठवता येते. रेंडर करणारे आजही थेट व्हिडिओ फाइल न बनवता चित्रमालिका साठवतात, यामागचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आठशेव्या चौकटीला वीज गेली तर आधीच्या ७९९ शाबूत राहतात, चुकलेल्या दहा चौकटी पुन्हा काढून त्याच जागी ठेवता येतात आणि एकाच दृश्याचे काम अनेक संगणकांत वाटता येते. डिजिटल स्थिरकॅमेऱ्याचा दर्जाही इतका वाढला की २००५ साली एक पूर्ण लांबीचा बाहुलीपट कॅननच्या स्थिरछायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांवर चित्रित झाला.

फितीवरचा क्रम छिद्रांनी राखला होता, फोल्डरमधला क्रम आता केवळ नावाने राखला जातो. फाइलींना १, २, १० असे क्रमांक दिले तर अक्षरानुक्रमाने लावणाऱ्या प्रणालीत १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो, म्हणून ०००१, ०००२ अशी शून्ये भरून नावे देण्याची पद्धत पडली. कॅमेऱ्यांच्या प्रचलित मानकात क्रमांकाला चारच अंक असल्याने ९९९९ नंतर गणना पुन्हा ०००१ वर येते. लांबलचक टाइमलॅप्समध्ये या जागी मालिका तुटते. म्हणून रूपांतरापूर्वी सर्व फाइलींना नव्याने सलग क्रमांक देणे हितावह ठरते.

कॉम्प्रेशनची, म्हणजे फाइल लहान करण्याच्या तंत्राची कथा १९७० च्या दशकात सुरू होते आणि तिच्या केंद्रस्थानी बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. चित्रातील माहिती कमी जागेत मांडण्यासाठी कोसाइन फलनांचा उपयोग करण्याची कल्पना त्यांनी १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनपुढे ठेवली, परंतु तिला निधी मिळाला नाही. त्यांनी काम चालू ठेवले, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली ते प्रसिद्ध केले. १९९२ च्या जेपेग मानकाचा पाया हेच रूपांतर आहे, आणि एमपेग मानकांपासून २००३ च्या एच.२६४ पर्यंतची व्हिडिओ मानकेही त्याच्याच जातकुळीच्या गणितावर उभी आहेत. फरक असा की जेपेग प्रत्येक चित्र एकटे पाहते, तर व्हिडिओचे मानक आधीच्या आणि नंतरच्या चौकटींशी तुलना करून फक्त बदल लिहून ठेवते. बोलणाऱ्या माणसाच्या दृश्यात पार्श्वभूमी स्थिर असते, त्यामुळे भरपूर बचत होते. टाइमलॅप्समध्ये मात्र ढग, सावल्या, पाने आणि माणसे प्रत्येक चौकटीत वेगळ्याच जागी असतात, म्हणून त्याच आकाराच्या फाइलीत टाइमलॅप्स लवकर फाटतो, आणि आकाशात चौकोनी ठोकळे व रंगांचे पट्टे दिसू लागतात.

चौकटी-चौकटींमधील उजेडाची लुकलुक ही दुसरी जुनी व्याधी. आधुनिक कॅमेऱ्यातील भिंगाचा पडदा, म्हणजे आत येणारा उजेड कमीजास्त करणारे छिद्र, प्रत्येक छायाचित्राच्या वेळी नव्याने मिटतो आणि दर वेळी केसभर वेगळ्या जागी थांबतो. एका छायाचित्रात हा फरक कळत नाही, सेकंदाला पंचवीस पाहताना तो डोळ्यांत खुपतो. त्यावर उजेडाची सरासरी काढून चौकटी समपातळीत आणणारी साधने निघाली. ही दुरुस्ती कॉम्प्रेशनच्या आधी व्हावी, हे मी आग्रहाने सांगेन, कारण लुकलुक तशीच राहिली तर कोडेक (कॉम्प्रेशन करणारा प्रोग्रॅम) प्रत्येक चौकट बदललेली समजतो आणि साठवणुकीची जागा तिच्यावरच खर्च करतो.

या कामाची साधने घरोघरी पोहोचली ती मुख्यतः २००० साली फ्रान्समधील फॅब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. एका ओळीच्या आज्ञेने ते क्रमांकित चित्रांचा व्हिडिओ बनवते, आणि वेग सांगितला नाही तर २५ धरते. त्यासोबत वापरल्या जाणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये दर्जाचा एक आकडा देता येतो. तो जितका कमी तितका तपशील जास्त, काहीच न सांगितल्यास २३ धरला जातो, आणि १८ च्या आसपास मूळ चित्रापासूनचा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. नवख्यांना अडवणाऱ्या दोन गोष्टींची मुळे दूरचित्रवाणीच्या परंपरेत आहेत. पहिली अशी की व्हिडिओमध्ये रंगांची माहिती सहसा उजेडाच्या एक चतुर्थांश बारकाईने साठवली जाते. त्यामुळे चित्राची लांबी-रुंदी सम संख्येत असावी लागते, आणि रंग पूर्ण बारकाईने ठेवून बनवलेली फाइल अनेक प्लेअरवर चालत नाही. दुसरी अशी की प्रमाणित आणि उच्च दर्जाच्या दूरचित्रवाणीसाठी रंगांची गणिते वेगवेगळी ठरली, त्यामुळे चुकीचे गणित लागले तर लाल आणि हिरवे रंग किंचित सरकतात. याशिवाय ६००० बाय ४००० चे छायाचित्र १६:९ च्या चौकटीत बसवताना उंचीतील सुमारे १६ टक्के भाग कापावा लागतो, हे चित्रणाच्या वेळीच ध्यानात ठेवावे लागते.

या सर्व घडामोडींनंतर जुन्या चित्रपटांच्या जतनातही सुट्या चौकटीच मूळ प्रत मानल्या जाऊ लागल्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांत सांभाळलेल्या फितींचे डिजिटायझेशन होते तेव्हा प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे स्कॅन करता येते. ४०९६ बाय ३११२ मापाची दहा-बिट डीपीएक्स फाइल सुमारे ५१ मेगाबाइटची असते. दोन तासांच्या बोलपटात २४ च्या वेगाने १,७२,८०० चौकटी येतात आणि त्यांना जवळजवळ ९ टेराबाइट जागा लागते. ओरखडे, धूळ आणि लुकलुक यांची दुरुस्ती याच फाइलींवर केली जाते, आणि चित्रपटगृहासाठी, दूरचित्रवाणीसाठी किंवा फोनसाठी लागेल तो व्हिडिओ त्यांच्यातून दर वेळी नव्याने बांधला जातो.