सब्ज्यासारखी फुगणारी पावडर वाळवंटाला किती पुरेल?

माण तालुक्यातल्या माझ्या मामेभावाने गेल्या महिन्यात एक व्हिडिओ पाठवला. मूठभर पांढरी पावडर, तिच्यावर तांब्याभर पाणी, बघता बघता सगळ्याचा थलथलीत गोळा, आणि मागून आवाज : ‘आता वाळवंटातही ऊस पिकवा!’ खाली भावाचा प्रश्न होता, ‘दादा, डाळिंबाला घेऊ का?’

उसाचं सोडून द्या. पण पावडर खोटी नाही, आणि तिच्यामागे राबणारी माणसंही खरी आहेत. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले नारायणलाल गुर्जर उदयपूरला कृषी अभियांत्रिकी शिकत असताना फळांच्या सालींपासून पाणी धरून ठेवणारा पदार्थ करण्याच्या मागे लागले. त्यातून ‘ईएफ पॉलिमर’ ही कंपनी उभी राहिली. तिला पुढे मोठा आधार मिळाला तो जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाकडून. सरकारी पैशावर चालणाऱ्या या विद्यापीठाने नवउद्योगांसाठीच्या कार्यक्रमात त्यांना निधी दिला, प्रयोगशाळा दिली, बसायला जागा दिली. अरवलीतल्या पाणीटंचाईवरचं उत्तर समुद्राने वेढलेल्या बेटावर घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पावडर फुगते कशी ते बघू. फालुद्यातला सब्जा आठवा. बी इवलंसं, पण पाण्यात टाकलं की भोवती पारदर्शक गादी धरतं. पावडरीचा कण म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचं जाळं, जागोजागी गाठी मारलेलं. साखळ्यांवर ऋण प्रभार असलेले गट ओळीने बसलेले असतात. त्यांचा तोल सांभाळायला सोडियमचे धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेले अणू, जवळ असतात. कोरड्या कणात हे सगळं दाटीवाटीने झोपलेलं असतं. पाणी आलं की सोडियम सुटा होतो, पण त्याला जाळ्याबाहेर पळता येत नाही. ऋण प्रभार त्याला सोडत नाही. त्यामुळे आत आयनांची गर्दी आणि बाहेर विरळ पाणी अशी स्थिती होते. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं त्याच नियमाने, म्हणजे परासरणाने, पाणी गर्दीच्या दिशेने आत शिरतं. साखळ्यांवरचे ऋण प्रभार एकमेकांना दूर लोटत असल्याने जाळंही पसरत जातं. पाण्याची आत येण्याची ओढ आणि ताणलेल्या गाठींची आवळ बरोबरीला आली की फुगणं थांबतं. वाळूच्या मोठ्या पोकळ्यांमधून जे पाणी सरळ खाली निघून गेलं असतं, ते असं मुळाशी अडकून राहतं. मुळं हवेच्या दाबाच्या साधारण १५ पट जोराने पाणी ओढू शकतात, आणि जेलमधलं बहुतेक पाणी त्याहून कमी ओढीला सुटतं. म्हणजे पाणी धरलंही जातं आणि झाडाला मिळतंही. संत्र्याच्या सालीतल्या पेक्टिनमध्येही असेच आम्लगट असतात. म्हणून तर सालीपासून हे काम करून घेता येतं, आणि काम संपल्यावर मातीतले जंतू ते खाऊन टाकतात.

पण हाच नियम उलटाही फिरतो. डायपरमध्येही याच जातीचे शोषक कण असतात. मी नवं डायपर कापून ते कण एका पेल्यात घेतले आणि फिल्टरचं पाणी ओतलं. पेला उलटा केला तरी थेंब सांडला नाही. मग वरून चमचाभर मीठ टाकून ढवळलं. दोन मिनिटांत जेल ढासळला, पाणी वेगळं झालं, तळाशी चिकट लगदा उरला. बाहेरच्या पाण्यात मीठ वाढलं की आत-बाहेरचा फरक संपतो आणि आत येण्याची ओढही संपते. कॅल्शियम तर याहून वाईट. त्याचे दोन प्रभार दोन साखळ्यांना एकदम धरतात, जाळ्याला जास्तीचा टाका बसतो, आणि तो नुसत्या पाण्याने धुऊन सहजी उसवत नाही. कोरड्या मुलखातलं बोअरचं पाणी नेमकं असंच क्षाराचं असतं. व्हिडिओत कधीही बोअरचं पाणी ओतत नाहीत, ते यामुळे.

एक हिशेबही करून बघा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा हायड्रोजेल’ची शिफारस एकरी १ ते २ किलोची आहे, आणि शुद्ध पाण्यात ते वजनाच्या ३५० पट पाणी धरतं. २ किलो म्हणजे ७०० लिटर. एकरभर रानात १ मिलिमीटर पाऊस पडला तर होतात सुमारे ४,००० लिटर. म्हणजे सगळी पावडर मिळून धरते जेमतेम ०.१७ मिलिमीटर! उन्हाळ्यात पिकाला दिवसाला ६-७ मिलिमीटर लागतात. भर दुपारचा अर्धा तासही त्यात निघणार नाही. दर पाळीला जेल पुन्हा भरतो हे मान्य, पण म्हणून ‘पाणी निम्मं लागेल’ हा जाहिरातीतला दावा सरसकट पटत नाही. उपयोग होईल तो नेमक्या जागी : सरीत बियाण्याला लागून, रुजण्याचे चार दिवस ओल टिकवायला, किंवा रोपाच्या खड्ड्यात.

ही कल्पना काही आजची नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरियामधल्या प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चपासून असाच शोषक पदार्थ केला होता. डोळ्यांसमोर शेती होती, पण बाजार मिळाला तो सॅनिटरी पॅड आणि डायपरना. कारण डायपर काम करतं की नाही ते एका रात्रीत कळतं. शेतीत एका प्रश्नाचं उत्तर यायला एक हंगाम जातो, आणि वाळवंटात तर एका हंगामावर विसंबता येत नाही, कारण पावसाचा भरवसाच नाही.

नवउद्योगांना मिळणाऱ्या मदतीबद्दल माझी तक्रार इथेच आहे. पैसा आहे. केंद्राच्या ‘रफ्तार’ योजनेत कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि उद्योग उभारायला २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय होती. २०२४ मध्ये नाबार्डसोबत ७५० कोटींचा ‘ॲग्रीशुअर’ निधी आला. जोधपूरला काझरीसारखी वाळवंटावरच काम करणारी संस्था दारात आहे. मला हवी आहे ती या पैशाला एक अट : किमान तीन वर्षं, खाऱ्या पाण्यावर, त्रयस्थ संस्थेच्या देखरेखीखाली तुलना. आणि त्यात पावडर न घातलेल्या, पण पाणी तितकंच कमी दिलेल्या वाफ्यांचीही मोजदाद हवी. नाहीतर बचत पावडरीने केली की नळ लवकर बंद करणाऱ्या हाताने, हे कळणार कसं?

आपल्याकडे बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावून तळहातावर नारळ उभा करून बघतात. नारळ हलतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीने. तरी विश्वास टिकतो, कारण पाणी लागलेलं बोअर गावभर सांगितलं जातं आणि कोरडं गेलेलं कोणी मोजत नाही. एकाच हिरव्यागार प्रात्यक्षिक प्लॉटचा फोटो पाठवणारी जाहिरात तेच करते.

भावाला मी त्याच्या बोअरचं पाणी बाटलीत आणायला सांगितलं. भांड्यांवर पांढरा थर बसवणारं पाणी. विक्रेत्याने दिलेल्या नमुन्यातली १ ग्रॅम पावडर त्यात तासभर ठेवली, फडक्यातून गाळली आणि काट्यावर ठेवली. ४६ ग्रॅम. पाकिटावर लिहिलं होतं ३०० पट. जुन्या बागेला काही उपयोग नाही, असं मी त्याला सांगून टाकलं. नव्या लागणीत मात्र खड्ड्याला २० ग्रॅम घातली तर या पाण्यातही रोपाशेजारी पाऊण-एक लिटर धरून राहील, आणि कोवळ्या रोपाला एप्रिलमध्ये तेवढं पुष्कळ झालं. त्याने ४० खड्डे खणलेत. २० मध्ये पावडर घालणार, २० मध्ये नाही, पाणी सगळ्यांना एकाच मापाच्या डब्याने. कुठले कुठले ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या त्याच्या मुलीने उचलल्या, आणि वहीत रोज पाण्याचा हिशेब तीच लिहिते आहे.