मुक्तीची कविता आणि समतेची कविता

वर्णभेदाविरुद्धच्या कवितेचे रसग्रहण लिहिताना ‘या कवितेत स्वातंत्र्य आणि समता या मूल्यांचा पुरस्कार केला आहे’ हे वाक्य हमखास येते. पुण्यातल्या महाविद्यालयांत इंग्रजी कविता अभ्यासणारे विद्यार्थीही ते लिहितात, आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या शाळेपासून अंगवळणी पडलेल्या क्रमात ते खपूनही जाते. पण गुलामाची सुटका मागणारी कविता वेगळी आणि सुटका झालेल्या माणसाला बरोबरीने वागवा म्हणणारी कविता वेगळी. दोन्हींत अन्याय तोच दिसत असल्यामुळे त्यांची गल्लत होते.

अमेरिकी कवयित्री फ्रान्सिस हार्पर यांची ‘बरी मी इन अ फ्री लँड’ ही १८५८ सालची कविता पहिल्या प्रकारची आहे. माझे थडगे सपाटीवर असो की डोंगरावर, पण गुलामांच्या भूमीत नको, एवढेच कवितेतली ‘मी’ मागते. त्यानंतर त्या थडग्यापर्यंत काय काय पोहोचेल ते येते: थरथरत चालणाऱ्या गुलामाची पावले, मूल हिरावून घेतलेल्या आईचा आक्रोश, माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांचे भुंकणे. ही कुत्री केवळ वातावरणनिर्मितीसाठी आलेली नाहीत. पळून गेलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करणे १८५० च्या कायद्याने गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांवरही बंधनकारक केले होते. हार्पर स्वतः मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मल्या होत्या, त्यामुळे ही मागणी त्यांच्या स्वतःच्या सुटकेची नाही, हेही विश्लेषणात यायला हवे.

कृष्णवर्णीय अमेरिकी कवी लँगस्टन ह्यूज यांच्या १९२६ सालच्या पहिल्या संग्रहातील ‘आय, टू’ ही कविता मात्र स्वयंपाकघरात घडते. पाहुणे आले की घरातल्या सावळ्या भावाला आत जेवायला पाठवतात. तो हसतो, पोटभर जेवतो, अंगाने धट्टाकट्टा होतो, आणि उद्या पाहुणे आले तरी मी टेबलावरच बसेन, असे सांगतो. इथे साखळी नाही, चाबूक नाही, उपासमारही नाही. अन्न मिळते आहे. नाकारली जाते ती पंगत. म्हणून या कवितेला ‘गुलामगिरीविरुद्धची’ म्हणणे मला साफ चुकीचे वाटते. गुलामगिरी अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्येच संपली होती, पण वेगळे ठेवूनही समान वागवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मान्य केलेले तत्त्व ही कविता आली तेव्हा लागू होते. ‘भाऊ’ हा शब्दही नीट वाचावा. नोकर किंवा परका माणूस आत पाठवला गेला असता तर तक्रार वेगळी झाली असती. इथे घरात ज्याचा हक्क आहे त्यालाच दूर बसवले जाते.

मराठी वाचकाला हा भेद अनोळखी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. मात्र त्याआधीच, १८६८ मध्ये, त्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. अर्पणपत्रिका मुक्तीविषयी बोलते, तर हौदावर प्रश्न एकाच पाण्याला हात लावण्याचा, म्हणजे समतेचा होता. हा हौद ठाऊक असलेल्या वाचकाला ह्यूज यांच्या कवितेतले जेवणाचे टेबल समजायला वेळ लागू नये.

दोन्ही कवितांचा काळ आणि मागणीचा मार्गही निरनिराळा आहे. हार्पर मृत्यूनंतरच्या काळाविषयी बोलतात, आणि त्यांना हवे होते ते कायद्याने करता येण्याजोगे होते. तेराव्या घटनादुरुस्तीने ते केलेही. ह्यूज ‘उद्या’ म्हणतात. मी किती सुंदर आहे हे त्यांना दिसेल आणि त्यांना लाज वाटेल, असे तो भाऊ म्हणतो. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा ह्यूज हयात होते. परंतु कवितेतले टेबल उपाहारगृहातले नाही, घरातले आहे, आणि तिथे कोणाला बसवायचे हे कायदा ठरवत नाही. म्हणूनच या कवितेत फर्मान किंवा याचना येत नाही, समोरच्याला वाटणारी लाज येते. आणि सुरुवातीला मीही अमेरिकेचे गीत गातो म्हणणारा भाऊ शेवटी मीही अमेरिकाच आहे, असे म्हणतो.