सेन्सर सांगतो ते खरं, की टेप सांगते ते?

सपाट जागेवर लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी गाडी असेल, तर पहिला संशय येतो तो त्या कोपऱ्यातल्या फुग्यावर. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण इंजिन सुरू झालं, फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर चालून थांबला, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही आणि गाडी तरीही वाकडीच उभी असेल, तर गळती शोधण्याची घाई करू नये. अशा वेळी गाडीच्या कंप्युटरच्या हिशेबी सगळं सरळ असतं. त्याला चुकीची खबर कोण देतंय, ते आधी बघायचं.

खबर देणारा म्हणजे उंचीचा सेन्सर. चाकाजवळ चासीला घट्ट बसवलेली एक लहानशी डबी, तिच्यातून बाहेर आलेली छोटी तरफ, आणि तरफेच्या टोकापासून चाकाला धरणाऱ्या कंट्रोल आर्मपर्यंत जाणारी बारीक दांडी. चाक वर आलं की दांडी तरफेला ढकलते आणि तरफ फिरते. तरफ किती फिरली ते डबी मोजते. म्हणजे नावात उंची असली तरी हा सेन्सर उंची मोजतच नाही, तो फक्त कोन मोजतो. उंचीचा हिशेब कंप्युटर करतो, आणि तो करताना दांडीची लांबी ठरलेलीच आहे असं धरून चालतो.

इथेच खरी गोम आहे. समजा तरफ ६० मिलिमीटर लांब आहे. ती एक अंश फिरली, तर तिचं टोक साधारण एक मिलिमीटर हलतं. दांडी कंट्रोल आर्मच्या मध्यावर जोडलेली असेल, तर तेवढ्यात चाक दोन मिलिमीटर हलतं. म्हणजे दगड लागून दांडी वाकली आणि पाच मिलिमीटरने आखूड झाली, तर तो कोपरा सेंटीमीटरभर चुकीच्या उंचीवर उभा राहील. कंप्युटर मात्र समाधानी असेल, कारण कोन बरोबर आहे. म्हणूनच सेन्सर बदलण्याआधी दांडी बघावी, असं मी आग्रहाने सांगेन. कितीदा तरी तिचा बॉल जॉइंट निखळलेला किंवा गंजून जाम झालेला असतो, आणि बिचारा सेन्सर ठणठणीत असतो.

तपासाची सुरुवात साध्या टेपने करावी. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजायचं. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली की तो आकडा फसवतो. मग स्कॅनर लावून कंप्युटरला कुठली उंची दिसतेय ते वाचायचं. टेप आणि स्कॅनर दोघंही कोपरा खाली आहे म्हणत असतील, तर कंप्युटरला दुखणं कळलंय, पण त्याला तो उचलता येत नाहीये. मग गळती, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर या वाटेने जावं. साबणाचं पाणी इथे कामाला येतं. स्कॅनर ‘ठीक’ म्हणतोय आणि टेप ‘नाही’ म्हणतेय, तर टेपवर विश्वास ठेवावा.

पुढचं काम गाडीखालचं, आणि ते धोक्याचं आहे. इग्निशन चालू असताना तरफ हाताने हलवली, तर कंप्युटरला गाडी उंच झाल्यासारखी वाटून तो हवा सोडू शकतो, आणि चाकाच्या कमानीतली जागा क्षणात आक्रसते. म्हणून गाडी पक्क्या स्टँडवर घ्यायची आणि सस्पेन्शन जॅक मोडवर टाकायचं, म्हणजे ते आपणहून उंची बदलत नाही. नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

मग कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवट थर दिसला, तर पाणी शिरलेलं आहे. बऱ्याच सेन्सरना तीन वायरी असतात: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. दांडी सोडवून तरफ अगदी सावकाश फिरवली, की सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सलग सरकला पाहिजे. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक स्पर्शक घासत असतो. गाडी बहुतेक वेळ नेहमीच्याच उंचीवर धावते, त्यामुळे पट्टी मध्यावरच जास्त झिजते. टोकांना आकडा चोख येतो आणि अडीच व्होल्टच्या आसपास अचानक उडी मारतो. डिजिटल मल्टिमीटरला ही उडी निसटू शकते, काट्याच्या मीटरवर ती लगेच दिसते. नव्या सेन्सरमध्ये चुंबक आणि हॉल परिणामाचा, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्यात आडवा व्होल्टेज तयार होतो त्याचा, वापर होतो. एडविन हॉल यांनी तो १८७९ मध्ये शोधला. त्यात घासणारं काहीच नाही, त्यामुळे झीजही नाही. मात्र त्यातल्या काहींचा सिग्नल स्पंदांच्या रूपात येतो, आणि तिथे मल्टिमीटर नुसती सरासरी दाखवतो.

दोन-तीन सेन्सर एकाच दिवशी ‘बिघडले’ तर सगळे बदलायला निघू नका. अनेकदा पाच व्होल्टचा पुरवठा सामाईक असतो, आणि एकाच्या आत शॉर्ट झालं की सगळ्यांचाच व्होल्टेज पडतो. एकेक कनेक्टर काढत जायचं. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, दोषी तो, नाहीतर त्याच्यापर्यंत जाणारी वायर.

कधी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाही प्रकार होतो. गाडीचा सांगाडा ताठ असतो, त्यामुळे पुढचा डावा कोपरा उगाच उचलला गेला की मागच्या उजव्या फुग्यावरही भार वाढतो, आणि नजर तिकडेच जाते. म्हणून चारही आकडे कागदावर लिहून मगच निष्कर्ष काढावा.

नवा सेन्सर बसवला की कॅलिब्रेशन करावंच लागतं. चारही चाकांवर टेपने घेतलेली मापं स्कॅनरमधून कंप्युटरला द्यायची, म्हणजे कुठल्या कोनाला कुठली उंची म्हणायचं ते तो नव्याने शिकतो. हेडलाइट आपोआप वरखाली होणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये दिव्यांनाही याच सेन्सरची माहिती जाते. तिथे काम झाल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून झोत कुठे पडतोय तेही बघून घ्यावं.