पडद्यासमोर ताय ची शिकताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या ऑनलाइन ताय ची वर्गात तुमचे मनापासून स्वागत. पहिल्या वर्गाआधी हे पत्रक एकदा निवांत वाचून घ्या. वर्गात काय करून घेतो, कोणत्या क्रमाने घेतो आणि तुम्ही घरी काय तयारी ठेवायची, ते यात दिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या शिकवण्याची सगळी रचना तिच्यावर बेतलेली आहे. पडद्यावर ताय ची पाहताना नजर हातांवर खिळते. हात वर येतात, गोल फिरतात, सावकाश खाली जातात. तसेच करून पाहावेसे वाटते आणि पहिल्याच दिवशी ते बऱ्यापैकी जमतेही. पण अंगाचे वजन कोणत्या पायावर आहे, ते दुसऱ्या पायावर कधी आणि किती गेले, कंबर कुठवर वळली, हे सपाट पडद्यावर सहज कळत नाही. ताय ची मात्र मुख्यतः तिथेच घडते. पाय नीट पडला की हात आपोआप जागेवर येऊ लागतात. उलट क्रमाने गेले तर हात देखणे दिसतात आणि काही महिन्यांनी गुडघा कुरकुरू लागतो. म्हणून आम्ही पावलांपासून सुरुवात करतो. पहिले दोन आठवडे तुमचे हात बहुतेक वेळ कमरेवर असतील. काहींना हे रटाळ वाटते, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही हा क्रम आम्ही बदलत नाही.

आम्ही कोणता प्रकार शिकवतो

ताय ची ही मुळात चिनी युद्धकला. तिची परंपरा हनान प्रांतातल्या चेनजियागौ या गावी, चेन घराण्यात, सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग यांच्यापर्यंत मागे नेता येते. यांग लुचान (१७९९–१८७२) यांनी ती त्याच गावात शिकून पुढे बीजिंगमध्ये शिकवली. त्यांचे नातू यांग चंगफू (१८८३–१९३६) यांच्या हातून तिला आज जगभर दिसणारे संथ, एकसारख्या गतीचे आणि मोकळ्या, मोठ्या हालचालींचे रूप आले. चेन, यांग, सुन आणि वू नावाच्या दोन वेगळ्या घराण्यांच्या शैली अशा पाच शैली प्रमुख मानल्या जातात. २०२० साली युनेस्कोने ताय चीचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

आमच्या वर्गात यांग शैलीवर आधारलेला २४ हालचालींचा क्रम शिकवला जातो. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली तो नवशिक्यांना झेपावा म्हणून जुन्या लांबलचक क्रमातून निवडून बसवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला साधारण पाच-सहा मिनिटे लागतात. ‘रानघोड्याची आयाळ विभागणे’, ‘पांढरा क्रौंच पंख पसरतो’, ‘ढगांसारखे हात’ अशी त्यातल्या हालचालींची नावे आहेत. वर्गात आम्ही हीच मराठी नावे वापरतो, म्हणजे सूचना ऐकताच पुढचे पाऊल आठवते.

एक विनंती. पहिले तीन महिने इंटरनेटवरचे इतर व्हिडिओ पाहून त्याबरहुकूम सराव करू नका. त्यांतले कित्येक उत्तम आहेत. अडचण अशी की एकाच नावाची हालचाल चेन शैलीत एका तऱ्हेने होते, यांग शैलीत दुसऱ्या. चेन शैलीत मध्येच वेगवान झटके येतात आणि पाय जोराने जमिनीवर पडतो. सुन शैलीत पावले छोटी असतात आणि मागचा पाय लगोलग पुढच्या पायामागे येतो. दोन-तीन ठिकाणचे तुकडे एकत्र झाले की अंगाला कोणतीच सवय लागत नाही. पाया पक्का झाल्यावर काय हवे ते पाहा, आम्हालाही विचारा.

एक पाऊल, जवळून

पहिल्या दोन आठवड्यांत जे पाऊल आपण घोटून घेणार आहोत, ते असे.

पाय खांद्यांइतके अंतर ठेवून समांतर. गुडघे ताठ नकोत, किंचित सैल. आता सगळे वजन सावकाश उजव्या पायावर घ्या. डाव्या पायाची टाच आपसूक हलकी होईल. तो पाय उचलून पुढे आणि थोडा डावीकडे ठेवा. आधी फक्त टाच टेकवा. इथे थांबा. स्वतःची परीक्षा इथेच घ्यायची: धड जराही न हलवता डावा पाय पुन्हा उचलता येतो का? येत असेल तर पाऊल बरोबर आहे. उचलण्यासाठी अंग मागे रेटावे लागले, तर तुम्ही पाऊल ठेवले नाही, त्यावर पडलात. मग पाऊल जरा आखूड करा.

आता तळवा सावकाश टेकवत वजन पुढे न्या. साधारण सत्तर टक्के वजन पुढच्या पायावर येईपर्यंत जायचे. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने वाकलेला, पण बोटांच्या पुढे गेलेला नसावा. मागचा पाय जवळजवळ सरळ, मात्र गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ नाही. मागची टाच जमिनीवरच, बोटे साधारण पंचेचाळीस अंशांत बाहेर. दोन्ही टाचा एका सरळ रेषेत येऊ देऊ नका. आडवे अंतर निदान वीतभर हवे. तोल जाण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा हे अंतर राखले की तिथेच मिटतात.

पुढचे पाऊल टाकण्यासाठी वजन आधी थोडे मागे घ्यायचे, पुढच्या पायाचा चवडा उचलून बोटे बाहेर वळवायची, मग वजन पुन्हा त्यावर देऊन मागचा पाय आणायचा. क्रम महत्त्वाचा आहे: वजन काढल्याशिवाय पाय वळवायचा नाही. वाकलेल्या, भार घेतलेल्या गुडघ्यावरच अंग वळवले की पिळाचा सगळा ताण गुडघ्यावर येतो. गुडघा मुख्यतः वाकण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी आहे. वळण्याचे काम खुब्याचे. ताय चीमुळे गुडघे दुखले असे कोणी सांगितले, तर आम्ही पहिल्यांदा हेच तपासतो.

श्वासाबद्दल फार विचार करू नका. नाकाने, सहज, पोटापर्यंत जाऊ द्या. कोणत्या हालचालीला श्वास घ्यायचा आणि कोणत्या हालचालीला सोडायचा, हे बंधन आम्ही पहिल्या क्रमापुरते घालत नाही. श्वास रोखला जातोय असे वाटले, तर याचा अर्थ पाऊल फार लांब पडतेय.

डावे-उजवे आणि पडदा

शिक्षक तुमच्याकडे तोंड करून उभे राहिले की त्यांचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला दिसतो. डोके सतत उलटसुलट करत बसले की अंग मोकळे होत नाही. म्हणून नवी हालचाल शिकवताना आमचे शिक्षक तुमच्याकडे पाठ करून उभे राहतात. तुम्ही फक्त मागोमाग करायचे. तोंड समोर करतात ते तुमच्या चुका पाहताना. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत प्रत्येक हालचाल तीनदा दिली आहे: पाठीमागून, बाजूने आणि केवळ गुडघ्यांखालचा भाग. तिसरा भाग पाहायला कंटाळवाणा आहे, पण सर्वात जास्त वेळा तोच पाहा.

थेट वर्गात तुमचे स्वतःचे चित्र तुम्हाला बहुधा आरशासारखे उलटे दिसते. आम्हाला मात्र ते सुलटे दिसते. म्हणून “डावा पाय” म्हटले की तुमचा खरा डावा. स्वतःचे चित्र लपवण्याची सोय बहुतेक अॅपमध्ये असते, ती वापरा. स्वतःकडे पाहत केलेल्या हालचालीत मान तिरकी होते आणि तिच्यामागून खांदा वर चढतो.

मानेबद्दल आणखी थोडे, कारण ऑनलाइन शिकण्यातली ही सर्वात चिवट सवय आहे. क्रमात काही ठिकाणी अंग पूर्ण वळते आणि पडदा पाठीमागे जातो. अशा वेळी शिकणारा मान मागे वळवून बघतो, कणा पिळतो, वजन भलत्याच पायावर जाते. त्यावर आमची पद्धत अशी: नवी हालचाल आधी स्वस्थ उभे राहून दोनदा पूर्ण पाहायची, अंग हलवायचे नाही. मग पडद्याकडे पाठ करायची आणि केवळ आवाजावर करायची. प्रत्येक हालचालीची बोलून दिलेली सूचना वेगळी ध्वनिफीत म्हणून तुम्हाला मिळेल. विसरलात तर थांबा, वळा, पुन्हा पाहा. करता करता पाहू नका. सरावाच्या व्हिडिओचा वेग हवा तर कमी करा, मात्र मूळ व्हिडिओ मुळातच संथ आहे. तो फार कमी केला की एका पायावर इतका वेळ उभे राहावे लागते की नवशिक्याला झेपत नाही.

इंटरनेटवर आवाज आणि चित्र सर्वांपर्यंत एकाच क्षणी पोहोचत नाही. इतरांबरोबर ताल जुळवण्याचा प्रयत्न करू नका आणि माइक बंद ठेवा.

जागा, कॅमेरा, पायांत काय घालायचे

मोकळी जागा दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असली तर उत्तम. त्याहून कमी असेल तरी काम भागते: दोन पावले पुढे गेलात की थांबून मागे या आणि तिथून पुढे चालू ठेवा.

जमिनीवर चटई, सतरंजी, गालिचा नको. पाय वळवताना कडेत अडकतो. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून कधीच करू नका. पातळ, सपाट तळव्याचे बूट सर्वांत बरे, फरशी घसरडी नसेल तर अनवाणीही चालेल. पळण्याचे जाड, मऊ तळव्याचे बूट टाळा. जमीन कळतच नाही आणि वजन कुठे आहे तेही समजत नाही.

मोबाइल आडवा धरून कमरेच्या उंचीवर, स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. अंतर अडीच-तीन मीटर. आम्हाला तुमची पावले दिसलीच पाहिजेत. डोके थोडे कापले गेले तरी हरकत नाही. खिडकी पाठीमागे असली की तुमची फक्त काळी आकृती दिसते, म्हणून उजेड समोरून येऊ द्या. घोळदार पायजम्यात गुडघा लपतो, तेवढा टाळा.

तब्येतीबद्दल

ताय चीवर बरेच संशोधन झाले आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताय ची करणाऱ्यांचा तोल स्नायूंचे व्यायाम किंवा स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये २०१६ साली आलेल्या गुडघ्याच्या संधिवातावरच्या अभ्यासात २०४ जण होते. १२ आठवड्यांनंतर ताय चीचा लाभ नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच दिसला. हे निष्कर्ष आम्हाला मोलाचे वाटतात, पण त्यांच्या जोरावर तुम्हाला हमी देणे योग्य नाही. ते वर्ग समोरासमोर, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली झाले होते. पडद्यासमोर एकट्याने केलेल्या सरावाला तेच फळ येईल असे आम्ही म्हणणार नाही.

गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, हाडे ठिसूळ असतील, चक्कर येत असेल, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग आम्हालाही कळवा. चालू औषधे ताय चीच्या भरवशावर बंद करू नका. तोलाची भीती वाटत असेल तर हाताशी भक्कम, चाके नसलेली खुर्ची ठेवा आणि घरात कोणी असतानाच सराव करा. मांडीत भरून आल्यासारखे वाटणे ठीक आहे. गुडघ्यात टोचणे ठीक नाही. टोचले की बसकण वर घ्या, म्हणजे गुडघे कमी वाकवा. तरी राहिले नाही तर त्या दिवशी थांबा. छातीत दुखले, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच बसा आणि वैद्यकीय मदत घ्या.

सराव आणि दुरुस्ती

रोज पंधरा-वीस मिनिटे करा. आठवडाभर काही नाही आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास, हे अंगाला मानवत नाही आणि लक्षातही राहत नाही.

आठवड्यातून एकदा अर्ध्या मिनिटाच्या दोन चित्रफिती पाठवा, एक समोरून, एक बाजूने. त्यांत आम्ही काय पाहतो याचे एक उदाहरण देतो. ‘गुडघ्याजवळून हात फिरवून पुढे ढकलणे’ या हालचालीत बऱ्याच जणांचा पुढचा गुडघा शेवटच्या क्षणी आत पडतो. पाहणाऱ्याला हात थोडा जास्त पुढे गेला एवढेच दिसते. मूळ असते मागे: पाऊल अरुंद पडलेले असते, त्यामुळे कमरेला वळायला जागा उरत नाही आणि उरलेले वळण गुडघा घेतो. मग आम्ही हाताबद्दल अवाक्षर न काढता लिहितो, “पाऊल वीतभर रुंद टाका.” दर वेळी एकच सुधारणा सांगतो. दहा चुका एकदम कळवल्या तर एकही सुटत नाही, आणि पहिली सुटली की इतर दोन-तीन तिच्याबरोबर जातात.

काही गोष्टी पडद्यावर शिकवता येत नाहीत. हाताला हात लावून जोडीने करायचा तुईशौचा सराव त्यांपैकी एक. शिक्षकाने खांद्यावर हलकेच हात ठेवला की ‘सैल’ म्हणजे किती सैल हे एका क्षणात उमगते. शब्दांनी ते सांगायला आम्हाला आठवडे लागतात. तुमच्या जवळपास यांग शैलीचे चांगले शिक्षक असतील तर दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांच्याकडे जरूर जा. त्यांनी काही वेगळे सांगितले तर आम्हाला येऊन विचारा, आम्हाला आवडेल.

पहिल्या वर्गाच्या आदल्या दिवसापर्यंत एवढे करा: वर सांगितल्याप्रमाणे मोबाइल लावून स्वतःची एक छोटी चित्रफीत काढा. त्यात नुसते उभे राहायचे आणि मग चार पावले नेहमीसारखे चालायचे, ताय ची नको. सोबत जुन्या दुखापती, शस्त्रक्रिया आणि चालू औषधे यांबद्दल दोन ओळी लिहा. ते पाहूनच तुमचे पहिले पाऊल किती लांब आणि बसकण किती खोल ठेवायची, हे आम्ही ठरवू.