सेझिनकोट

सेझिनकोट : इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उतारावर वसलेले ऐतिहासिक कंट्री हाउस व त्याची उद्याने. मोर्टन-इन-मार्श या बाजारपेठेच्या गावापासून हे ठिकाण अवघ्या काही किमी.वर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेले हे घर बाहेरून मोगल व हिंदू वास्तुघटकांनी नटलेले, तर आतून पूर्णपणे ग्रीक-रोमन वळणाचे आहे. राहत्या घराचा सगळा दर्शनी भाग हिंदी शैलीत उभारल्याचे इंग्लंडमधील हे बहुधा एकमेव टिकून राहिलेले उदाहरण होय. कंट्री हाउस म्हणजे जहागिरीच्या जमिनीत मध्यभागी बांधलेले, मालकाची मिळकत व मानमरातब दाखवणारे घर. मराठीतील ‘गढी’त संरक्षणाचा, तर ‘वाड्या’त गावच्या वस्तीचा अर्थ येतो, म्हणून या नोंदीत मूळ शब्दच ठेवला आहे.

स्थानिक उच्चार ‘सीझिन्कट’च्या जवळपास जातो, येथे अक्षरानुसारी रूप स्वीकारले आहे. नावाचा संबंध ओक वृक्षांशी जोडला जातो. इंग्लंडमधील बऱ्याच ग्रामनामांच्या अशा व्युत्पत्त्या मागाहून जुळवलेल्या असतात, त्यामुळे ही व्युत्पत्ती शक्य कोटीतील इतकेच म्हणता येईल.

मालकी व पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील लष्करात नोकरी करून परतलेल्या कर्नल जॉन कॉकरेल याने ही जमीन १७९५ मध्ये विकत घेतली. तीनच वर्षांनी तो वारला व मालमत्ता भावंडांकडे गेली. त्यांपैकी चार्ल्स कॉकरेल (१७५५–१८३७) याने इतरांचे हिस्से घेऊन ती आपल्याकडे केली. चार्ल्सही कंपनीचा नोकर. कलकत्त्यात त्याने टपाल खात्याचा प्रमुख म्हणून काम केले होते व तेथील एका मोठ्या सावकारी पेढीत त्याची भागीदारी होती. हिंदुस्थानात पैसा करून मायदेशी जमीनदार बनलेल्या अशा मंडळींना इंग्लंडमध्ये ‘नबाब’ म्हणून हिणवले जाई. यांतील बहुतेक जण परतल्यावर शक्य तितकी इंग्रजी, म्हणजे पॅलेडियन (इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओच्या अभिजात वळणाच्या) धाटणीची, घरे बांधून जुन्या उमरावांत मिसळून जाण्याची धडपड करीत. चार्ल्सने नेमके उलटे केले. १८०९ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. पुढे तो इव्हशॅम मतदारसंघातून पार्लमेंटचा सदस्यही झाला. तेव्हा या घरामुळे त्याच्या प्रतिष्ठेला बाध आल्याचे दिसत नाही.

वास्तू : घर फार मोठे नाही. स्थानिक चुनखडी दगडाच्या चौकोनी इमारतीवर तांब्याच्या पत्र्याने मढवलेला, कांद्याच्या आकाराचा घुमट आहे. हवेने तांबे हिरवट पडले आहे. चार कोपऱ्यांवर छोट्या छत्र्या, भिंतीच्या माथ्यावर दगडी टेकूंनी तोललेला रुंद छज्जा, खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या पाकळीदार कमानी आणि प्रवेशदर्शनीवर दोन मजले उंचीचा कमानदार कोनाडा, असा एकूण थाट आहे. छज्जा हा मुळात ऊन व मुसळधार पाऊस अडवण्यासाठी योजलेला घटक; कॉट्सवोल्डच्या मंद उन्हात त्याला दर्शनी शोभेपलीकडे फारसे काम नाही. दक्षिणेकडे संत्र्यांच्या झाडांसाठी बांधलेले काचगृह चंद्रकोरीसारखे वळत जाते व त्याच्या टोकाला अष्टकोनी मंडप आहे. उत्तरेकडच्या मंडपात सर चार्ल्सची निजायची खोली होती. तिच्यातील पलंगाला तंबूचा आकार दिलेला आहे. मुख्य दिवाणखाने पहिल्या मजल्यावर असून जिना, छत व भिंतींची सजावट यांत हिंदी नक्षीचा मागमूस नाही. अकबरकालीन इमारतींत हिंदू व इस्लामी घटक जसे एकत्र येतात, तसाच मेळ येथे साधण्याचा प्रयत्न दिसतो, असे सर्वसाधारण मत आहे. बांधकामाचा आरंभ सु. १८०५ मध्ये झाला. मुख्य इमारत दोनएक वर्षांत उभी राहिली असली, तरी आतील काम पुढेही बराच काळ चालू होते.

कर्तृत्वाचा वाद : या घराचा आराखडा कोणाचा, याविषयी तीन नावे पुढे केली जातात. पहिले नाव चार्ल्सचा भाऊ व वास्तुविशारद सॅम्युएल पीप्स कॉकरेल याचे. दुसरे उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) याचे आणि तिसरे चित्रकार थॉमस डॅनियल (१७४९–१८४०) याचे. रेप्टनचा दावा त्याच्याच लेखनावर उभा आहे. ब्रायटन येथील राजप्रासादासाठी त्याने केलेले आराखडे १८०८ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांच्या प्रास्ताविकात त्याने सेझिनकोटच्या मालकाने आपला सल्ला घेतल्याचे व डॅनियलच्या संग्रहातून काही आकार निवडायला आपण मदत केल्याचे नमूद केले आहे. मात्र त्याच ठिकाणी वास्तूचे काम मालकाच्या भावाकडे होते, हेही तो मोकळेपणाने सांगतो. स्वतःचे श्रेय सांगायला निघालेल्या माणसाची ही कबुली वजनदार मानावी लागते. त्यामुळे घर सॅम्युएल कॉकरेलचे, आकारांचा खजिना डॅनियलचा आणि रेप्टनचा वाटा सल्ल्यापुरता, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

सॅम्युएल कॉकरेल स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. तरीही हा विषय त्याला सर्वस्वी नवा नव्हता. सेझिनकोटपासून जवळच असलेले डेल्सफर्ड हे वॉरन हेस्टिंग्जचे घर त्यानेच १७८८ नंतर बांधले होते. त्याच्या अर्धवर्तुळाकार दर्शनी भागावरील घुमटात काही अभ्यासकांना मोगल छटा दिसते. ती ओढूनताणून पाहावी लागते, असे म्हणणारेही आहेत. लंडनच्या गिल्डहॉलचा दर्शनी भाग जॉर्ज डान्स याने १७८८-८९ मध्ये पालटला, त्यातही हिंदी वळणाचे तपशील आहेत. त्यांचा आधार विल्यम हॉजिस या चित्रकाराची हिंदुस्थानातील दृश्ये. म्हणजे १८०५ पूर्वी ही शैली इंग्लंडमध्ये तुटक अलंकरणाच्या रूपात वावरत होती. एवढे तपशील एका पूर्ण घरात, प्रमाणबद्धतेची बऱ्यापैकी जाण ठेवून गुंफले गेले ते सेझिनकोटला.

डॅनियल व पश्चिम हिंदुस्थान : थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम (१७६९–१८३७) हे १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरले आणि सात-आठ वर्षे उत्तर व दक्षिण हिंदुस्थानात रेखाटने करीत हिंडले. परतीच्या वाटेवर १७९३ मध्ये ते मुंबईस थांबले. तेथे पेशव्यांच्या दरबारात काम केलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याची गाठ पडली. त्याच्यासोबत त्यांनी घारापुरी, कान्हेरी व कार्ले येथील लेणी पाहिली. इंग्लंडमध्ये १७९५ ते १८०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ऑरिएंटल सीनरी या १४४ चित्रांच्या मालेने हिंदी वास्तूंची विश्वसनीय रूपे प्रथमच इंग्रज वास्तुविशारदांच्या टेबलावर आली. सेझिनकोटच्या बागेतील पुलाच्या जाड, कोच पाडलेल्या खांबांचा घारापुरीच्या खांबांशी जो संबंध लावला जातो, तो या भेटीमुळे पटण्याजोगा ठरतो.

याच मालेत पुढे समाविष्ट झालेली वेरूळची २४ चित्रे (१८०३) मात्र डॅनियलने प्रत्यक्ष पाहून काढलेली नव्हती. वेल्स १७९५ मध्ये साष्टी बेटावर लेण्यांची रेखाटने करीत असताना तापाने वारला. त्याची रेखाटने पुण्यातील इंग्रज रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी) सर चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत डॅनियलकडे पोचली व त्यांवरून ही चित्रे तयार झाली. वेरूळच्या कामात पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराचा हात होता. मॅलेटसाठी त्याने लेण्यांची, प्राण्यांची व व्यक्तींची रेखाटने केली होती. इंग्रजी ग्रंथांत त्याचा उल्लेख बराच काळ ओझरता होता. गंगारामाचा सेझिनकोटशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या चित्रसंग्रहातून या घराचे आकार निवडले गेले, त्या संग्रहाच्या जडणघडणीत एका मराठी माणसाचा वाटा आहे, एवढे निश्चित. सेझिनकोटचे काम सुरू झाले त्याच सुमारास, १८०५ मध्ये, डॅनियलने मॅलेट व सवाई माधवराव पेशवे यांच्यातील तहाच्या दरबाराचे मोठे तैलचित्र पूर्ण केले, तेही वेल्सच्या पूर्वतयारीवरून. ते आता लंडनच्या टेट संग्रहात आहे.

उद्याने : बागेच्या बाबतीत डॅनियलचा सहभाग अधिक स्पष्ट आहे, चार्ल्स कॉकरेलला त्याने १८१०-११ मध्ये लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. घराच्या उत्तरेस टेकडीतून फुटणाऱ्या झऱ्याचे पाणी एकाखाली एक अशा तळ्यांतून खेळवले आहे. सर्वांत वरच्या तळ्याकाठी सूर्याचे छोटे देऊळ असून त्यातील मूर्ती कोड दगडाची, म्हणजे लंडनमध्ये साच्यात घडवून भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाची आहे. तेथून पाणी पुलाखाली येते. पुलाच्या कठड्यांवर नंदी बसवले आहेत. त्यांच्या जागेविषयी शंका निघाली, तेव्हा खुद्द विश्वकर्मा येथे डोकावला तरी तो त्यांना हलवू नका असेच म्हणेल, अशा अर्थाचे डॅनियलने लिहिले होते. मराठी वाचकाला खटकेल ते असे की, नंदी आहेत, पण ज्याच्यापुढे त्यांनी बसावे ती पिंड कोठेच नाही. वरती सूर्य, मध्ये नंदी आणि खालच्या तळ्यात खोडाला विळखा घालून तोंडातून कारंजे उडवणारा तीन फण्यांचा नाग, हा क्रम कोणत्याही आगमात, म्हणजे मंदिर व मूर्तिपूजेच्या शास्त्रग्रंथात, बसणार नाही. रचनाकाराला देवतांचा संसार नव्हे, तर वळणावळणाने उलगडणारे दृश्य हवे होते आणि त्या दृष्टीने तो पुरेपूर साधला आहे. पुलाखाली पाण्यात पायरीदगड टाकलेले असून तेथे बसायला बाकही आहे. भर उन्हाळ्यात खांबांमधून नागतळे पाहण्याची हीच खरी जागा.

घराच्या दक्षिणेकडील चारबाग (चार भागांत विभागलेल्या मोगल बागेच्या) धाटणीची औपचारिक बाग याच काळातील समजली जाते, ते बरोबर नाही. सरळ पाट, अष्टकोनी कुंड व दुतर्फा सुचिपर्णी यू वृक्ष असलेला हा भाग १९६० च्या दशकात, हिंदुस्थानच्या प्रवासावरून परतल्यावर, त्या वेळच्या मालकीणबाई लेडी क्लाइनवर्ट यांनी करवून घेतला. ओढ्याकाठची बरीचशी लागवडही विसाव्या शतकातील असून तीत उद्यानतज्ज्ञ ग्रेअम स्टुअर्ट टॉमस यांचे मार्गदर्शन होते. देवदार व लोंबत्या फांद्यांचा हॉर्नबीम यांसारखे जुने वृक्षही बागेत आहेत.

ब्रायटनशी संबंध : प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे चौथा जॉर्ज) १८०७ मध्ये सेझिनकोटला आला, घर पाहून भारावला व त्यातून ब्रायटनचा घुमटांचा राजप्रासाद उभा राहिला, ही कथा मार्गदर्शिकांतून वारंवार येते. कालक्रम तपासता ती जशीच्या तशी मान्य करता येत नाही. ब्रायटन येथील हिंदी शैलीच्या अश्वशाळेचे काम वास्तुविशारद विल्यम पॉर्डन याने १८०३ च्या सुमारास, म्हणजे सेझिनकोटच्याही आधी, हाती घेतले होते. रेप्टनचे ब्रायटनचे आराखडे १८०६ पर्यंत तयार झाले होते. प्रत्यक्ष प्रासादाला आजचे रूप वास्तुविशारद जॉन नॅशने दिले ते १८१५ नंतर. पॉर्डन हा सॅम्युएल कॉकरेलच्या हाताखाली शिकलेला होता, ही गोष्ट मात्र दोन्ही वास्तूंचे मूळ एका वर्तुळात शोधायला पुरेशी आहे. राजपुत्राच्या भेटीने नवी आवड निर्माण झाली असे म्हणण्यापेक्षा असलेली आवड पक्की झाली, असे म्हणणे अधिक योग्य.

पुढील काळ व दर्शन : कॉकरेल घराण्याकडून सेझिनकोट १८८४ मध्ये डगडेल कुटुंबाकडे व १९४४ मध्ये क्लाइनवर्ट कुटुंबाकडे गेले. इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणीत त्याची नोंद आहे.

कंट्री हाउस पाहायला जाण्याची रीत इंग्लंडमध्ये जुनी आहे. बकिंगहॅमशरमधील स्टो येथील उद्यानांची छापील मार्गदर्शिका १७४४ मध्येच विक्रीस होती आणि मालक घरी नसताना कारभारीणबाईच्या हातावर चार नाणी ठेवून दालने पाहण्याची पद्धत अठराव्या शतकात रूढ झाली होती. विसाव्या शतकात वारसाकराच्या ओझ्याने अनेक घरे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे (स्थापना १८९५) आली व तिकीट काढून आत जाणे सर्रास झाले. सेझिनकोट त्या संस्थेकडे नाही. ते खाजगी राहते घर आहे. त्यामुळे बाग आठवड्यातील ठरावीक दिवशी दुपारनंतर, तर घर केवळ उन्हाळ्याच्या महिन्यांत व वाटाड्यासोबत पाहता येते. आत छायाचित्रे घेता येत नाहीत. पाहुण्यांना चहा मिळतो तो वळणदार काचगृहात. लंडनहून येणाऱ्यांना ऑक्सफर्डवरून जाणाऱ्या रेल्वेने मोर्टन-इन-मार्श स्थानकावर उतरावे लागते.