तिसऱ्या दिवशी घरी येणारी आशाताई

बाळंतपण आता बहुतेक दवाखान्यातच होते आणि सारे सुरळीत असेल तर दोन-तीन दिवसांत बाळ-बाळंतीण घरी येतात. खरी जोखीम मात्र तेव्हा टळलेली नसते, कारण नवजात बालकांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात. जंतुसंसर्ग झालेले बाळ पुष्कळदा रडत नाही, दूध ओढेनासे होते, अंग गार पडते. घरच्यांना ते शांत झोपल्यासारखे वाटते आणि धावपळ सुरू होईपर्यंत मोलाचे तास निघून गेलेले असतात.

या तासांत घरी पोहोचणारे माणूस हवे, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची तपासणी आणि प्राथमिक उपचार शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले होते. भारत सरकारने 2011 मध्ये घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीची योजना देशभर सुरू केली. तिच्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई, म्हणजे गावातलीच प्रशिक्षित आरोग्य स्वयंसेविका, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते.

अशी भेट कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एखाद्या घरात नीट झाली, तर ती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. आशाताई आधी साबणाने हात धुते, बाळाचे पोट आणि तळपाय हाताने चाचपते आणि झोळीच्या काट्यावर वजन घेते. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. 60 किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजते. दुसऱ्यांदाही तितकेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायला सांगते. तोवर आजीने बाळगुटीची सहाण काढलेली असते. ‘आजी, सहा महिने आईच्या दुधाबिगर काही नको, पाणीसुद्धा नको,’ हे वाक्य आजीला पटेल अशा रीतीने सांगणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, असे मला वाटते. घरातल्या मोठ्या माणसाचा मान राखून सांगितलेले टिकते. नुसती सूचना पाठ फिरताच विसरली जाते.

जीव वाचवण्यापलीकडेही गृहभेटींचा उपयोग होतो. जमैकातील किंग्स्टन शहरात 1980च्या दशकात उंची खुंटलेल्या 129 बालकांचा अभ्यास झाला. त्यांच्यातील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला करून दाखवत. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई, तशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त आढळली. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील जोडण्या झपाट्याने होतात आणि मुलाने हुंकार द्यावा, मोठ्याने त्याला उत्तर द्यावे, या देवाणघेवाणीतून त्या पक्क्या होतात. आपल्याकडेही 2018 पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातील भेटी ठरवून दिल्या आहेत.

गृहभेटीचा गुण सगळीकडे सारखाच येतो असे मात्र नाही. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा शहरात 1970च्या दशकाच्या अखेरीस पहिलटकरणींकडे, त्यातही अनेक किशोरवयीन मुलींकडे, परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहिल्या आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्या घरांतील मुलांची आबाळ व छळ लक्षणीय प्रमाणात कमी आढळला. हाच कार्यक्रम इंग्लंडमध्ये राबवला, तेव्हा 2016 मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या सेवेपेक्षा अधिकचा तात्काळ लाभ दिसला नाही. तिथली नेहमीची सेवाच बऱ्यापैकी भक्कम होती, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे जिथे एरवी कोणीच पोहोचत नाही, तिथे भेटीचे मोल सर्वाधिक.

कोल्हापूर जिल्ह्यात अशा जागा शोधायला लांब जावे लागत नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. सुरुवातीच्या भेटी माहेरच्या आशाताईच्या, पुढच्या सासरच्या, आणि मधल्या प्रवासात नोंद हरवण्याची भीती असते. त्याहून बिकट स्थिती ऊसतोडीच्या टोळ्यांची आहे. गळीत हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे शिवारातल्या खोपींत राहतात, गावाच्या यादीत त्यांची नावे नसतात आणि ओली बाळंतीणही लवकरच फडावर जाते. तिथे भरदुपारी गेले तर मोठे माणूस सापडत नाही. भेट दिवेलागणीलाच द्यावी लागते. टोळीत किती कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, आहेत, याचा हिशोब मुकादमाकडे हंगामाच्या पहिल्या दिवसापासून असतो. त्याच वेळी गरोदर आणि लेकुरवाळ्या बायकांची नावे घेऊन ती गावच्या आशाताईकडे दिली आणि या जादा भेटींचा मोबदला तिला वेळेवर मिळाला, तर तिसऱ्या दिवसाची भेट खोपीतही होऊ शकते.